बटणाचा तक्ता

"सिस्टर, पहिली सही तुमची हवी," असं म्हणत सोसायटीच्या सेक्रेटरींनी अर्ज दारातच माझ्यापुढे धरला.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. मी नुकतीच रात्रपाळी करून आले होते. युनिफॉर्म धुऊन पिळला होता आणि बादली घेऊन बाल्कनीकडे निघाले होते. अशा वेळी माझ्याशी कुणी बोलू नये हे आमच्या घरातल्या भिंतींनाही माहीत आहे.

"पहिली माझीच का?"

"तुमचं कारण वजनदार आहे. रात्रभर पेशंट सांभाळायचे आणि दिवसा कुत्र्यांमुळे डोळ्याला डोळा नाही. पालिकेला नाही म्हणायला तोंडच उरणार नाही. रविवारी मीटिंगमध्ये अर्ज मंजूर करू, सोमवारी कुत्री पकडायची गाडी येईल."

सेक्रेटरींचं खरं दुखणं वेगळं होतं. हूक नावाचा कुत्रा रोज त्यांच्या स्कूटरच्या सीटवर ताणून देतो. पण सीटसाठी पालिकेची गाडी येत नाही, म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक. एवढं न कळायला मी काही दुधखुळी नाही. तरी मी सही केली, आणि चांगली ठसठशीत केली. मग युनिफॉर्म वाळत घातला, पडदे ओढले आणि उशीखाली डोकं खुपसलं. दहा मिनिटांत खाली सुरू झालं.

कुत्री तीन. हूक, बॉबिन आणि बटण. नावांवरूनच कळेल की ती टेलरताईंची. टेलरताई तळमजल्यावर एकट्या राहतात, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत घर. कुत्री तशी रस्त्यावरचीच, पण दूधपाव त्यांच्या पायरीवर, पाणी त्यांच्या पायरीवर, झोपही तिथेच. हूक आणि बॉबिन जुने, त्यांचा कधी त्रास नव्हता. चार महिन्यांपूर्वी बटण आला, आणि माझ्या झोपेचं खोबरं झालं. सुरुवात तो करायचा, बाकीचे दोघे साथ द्यायचे. साडेनऊला सुरू, ते अकरा-साडेअकरापर्यंत.

मी टेलरताईंना आधी गोडीत सांगितलं, मग तिखटात सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तो उगाच भुंकत नाही." मी म्हणाले, "मग काय माझी आरती करतो?" झालं. पंधरा वर्षांचं बोलणं त्या दिवशी बंद झालं. माझे युनिफॉर्म त्याच शिवायच्या. मी हट्टाने पुढचा शिवायला दुसऱ्याकडे टाकला. तो काखेत असा ओढायचा की हात वर केला की श्वास अडकावा. पण सांगणार कुणाला.

हसण्यावारी न्यावं अशी गोष्ट मात्र नव्हती ही. महिन्यापूर्वी वॉर्डात सात नंबरच्या पेशंटची सलाइनची बाटली मी नऊ नंबरला लावायला निघाले होते. ज्युनियरने माझं मनगट धरलं. "सिस्टर, हा नऊ ना?" एवढंच म्हणाली, आणि कुणाजवळ बोलली नाही. तिने बोंब मारली असती तर मला सोसलं असतं. ती गप्प राहिली ते सोसवेना. एकतीस वर्षं नोकरी झाली, दोन राहिलीत. एकही चूक नाही, असं मी छाती पुढे काढून सांगायचे. त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडला आणि खूप रडले. आणि त्याच दिवशी तक्ता सुरू केला.

आम्हा नर्सना हे हाताच्या सवयीनेच येतं. पेशंट आला की त्याच्या पायथ्याशी कागद लागतो. माझ्या पहिल्या मेट्रन सांगायच्या, जे कागदावर नाही ते झालंच नाही. मी वॉर्डातले रद्दी झालेले तापाचे तक्ते आणले आणि त्यावर कुत्र्यांचं भुंकणं लिहू लागले. तारीख, वेळ, किती मिनिटं, शेरा. मीटिंगमध्ये हा कागद टाकला की टेलरताईंचं तोंड बंद, असा हिशेब.

बुधवारची रात्र माझ्या सुट्टीची. त्यामुळे गुरुवारी मी ताजीतवानी होते. तक्ता पक्का करायला बसले. आखणी करून रोजच्या मिनिटांचे ठिपके दिले आणि लाल शाईने जोडले. रेघ वर वर चालली होती. पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं, मग साठ, मग शंभराच्या पुढे. मला बरंच वाटलं. पण दर आठवड्यात एक दिवस रेघ धाडकन तळाला जायची. शून्य. गुरुवार, गुरुवार. मग एका आठवड्यात सोमवार. मग पुन्हा गुरुवार.

एक दिवस उतरून पुन्हा चढणारा ताप मी हजारदा पाहिलाय. अशा वेळी आम्ही पेशंटला एकच विचारतो, त्या दिवशी वेगळं काय झालं?

तो सोमवार मला आठवला. त्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मी सुट्टी बदलून घेतली होती. रविवारची रात्र घरी होते. म्हणजे ज्या रात्री मी ड्युटीवर नाही, तिच्या दुसऱ्या दिवशी कुत्री गप्प. आता कुत्र्यांना माझी ड्युटी कोण सांगतं?

शुक्रवारी मी झोपलेच नाही. ड्युटीवरून आले, युनिफॉर्म भिजवला, पिळला, वाळत घातला आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून खाली बघत बसले. टेलरताईंच्या पायरीवर तिघं लोळत होते. वारा सुटला. बटणाने मान वर केली. नाक हवेत फिरलं. मग अंगावरचे केस उभे राहिले, मागचा अधू पाय ओढत तो चार पावलं मागे सरकला आणि माझ्या युनिफॉर्मकडे बघून भुंकायला लागला.

मी युनिफॉर्म आत घेतला. पाच मिनिटांत सगळं शांत झालं. पुन्हा बाहेर घातला. पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं. एकदा जुळलं तर योगायोग म्हणता येतो, तीनदा जुळल्यावर काय म्हणणार. युनिफॉर्म मी नाकाशी धरला. मला काहीच वास येईना. एकतीस वर्षं ज्या वासात काढली तो वास येणार तरी कसा? आमच्या वॉर्डातलं जंतुनाशक मी घरीही वापरते. बादलीभर पाण्याला एक झाकण, असं बाटलीवर लिहिलंय. मी तीन टाकायचे. आणि त्या सलाइनच्या प्रकारानंतर, आपलं काहीतरी चुकतंय या धास्तीने, चार, कधी पाच. लाल रेघ वर का चढत होती ते मला तिथेच कळलं.

आमचे हे रिटायर झाल्यापासून पेपर आणि झोप या दोनच गोष्टी मनापासून करतात. त्यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली घेतला.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. झाकण कमी कर, युनिफॉर्म आत वाळत घाल. सोमवारी गाडी येईल, विषय संपेल. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? सगळी बिल्डिंग हसेल तुला."

खोटं नव्हतं ते. आणि हसणं मला सोसत नाही, हेही त्यांना माहीत होतं. मी पडून राहिले, पण झोप कुठली. मला आमची लेक आठवत होती. ती तीन वर्षांची असताना मी ड्युटीवरून आले की पलंगाखाली शिरायची. "आईला दवाखान्याचा वास येतो." मी अंघोळ करून येईपर्यंत ती बाहेर यायची नाही, आणि कधी कधी तेवढ्यात झोपून जायची. आता ती लांब असते, आठवड्याला फोन करते, माझ्यावर जीव टाकते. तरी तो पलंग मी विसरले कशी, याचं मला फार वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी तो ओढणारा युनिफॉर्म घेऊन मी खाली गेले. टेलरताईंनी मशीन थांबवली नाही.

"काखेत ओढतोय," मी म्हणाले.

"ओढणारच. तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. इतकी वर्षं ट्रे धरून. ज्याने शिवला त्याला काय माहीत?" मग त्यांनी मशीन थांबवली. "सही पहिली तुमची आहे म्हणे."

"हो."

"हूक नि बॉबिन कुठेही सोडा, पोट भरतील. बटण नाही जगायचा. गाडीखाली आला होता, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात अकरा दिवस पिंजऱ्यात होता. अकरा दिवसांत तीनदा खाल्लं त्याने. रोज सकाळी जखम धुवायचे. मी धरून बसायचे. पुन्हा पिंजरा दिसला ना सिस्टर, तर तो तिथेच संपेल."

"जखम कशाने धुवायचे?"

त्यांनी दोऱ्यांच्या रिळांमागून एक बाटली काढली. तळाशी थोडंसं उरलं होतं. झाकण उघडून बघायचीही गरज नव्हती. माझ्या न्हाणीघरात तीच बाटली आहे, फक्त मोठी.

मी तिथल्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. टेलरताई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"हे तुम्ही उद्या सगळ्यांसमोर बोलाल?"

"बोलायला पाहिजे."

"नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं."

"मला कळलेलं आहे ना," मी म्हणाले.

टेलरताई उठल्या, आणि माझ्या उजव्या खांद्याचं माप पुन्हा घेतलं.

रविवारी ड्युटीवरून आले ती थेट मीटिंगला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, वीसेक माणसं होती. टेलरताई शेवटच्या रांगेत. सेक्रेटरी म्हणाले, "आता सिस्टर आपल्याला पुरावा वाचून दाखवतील."

मी वाचला. तारीखवार, मिनिटांसकट. लोक माना डोलवत होते. मग मी कागद उलटा करून लाल रेघ दाखवली आणि गुरुवारची शून्यं दाखवली. नंतर बादलीतली झाकणं सांगितली. माझा आवाज कापत होता. वॉर्डात डॉक्टरांना उलट बोलताना कधी कापला नाही तो.

"म्हणजे," मी म्हणाले, "कुत्री माझ्यामुळे भुंकतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग सोमवारी गाडीत सिस्टरनाच बसवू." सगळे हसले. खो खो हसले. माझे कान तापले. मी हसू संपायची वाट पाहिली. भूल उतरताना पेशंट वाट्टेल ते बोलतो, तेव्हाही आम्ही थांबतोच.

"सेक्रेटरीसाहेब, अर्ज द्या. माझी सही खोडायची आहे."

"अहो, असं कसं? टाइप झालाय, शिक्का मारलाय."

"शिक्का राहू दे. सही माझी आहे."

मी रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. खोडलं की तारीख घालायची, हीही सवयच. सेक्रेटरींनी अर्जाकडे पाहिलं. पहिल्या सहीशिवाय अर्ज बोडका दिसत होता. "आणि माझ्या स्कूटरचं काय?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. आता लोक त्यांना हसले.

"सीटला जाड कव्हर शिवून देते," टेलरताई मागून म्हणाल्या. "आणि हूकला वेगळी गादी."

शेवटी ठरलं ते असं. महिनाभर गाडी नाही. महिनाभर तक्ता नोटीस बोर्डावर, लिहायचा मीच. भुंकणं थांबलं नाही तर अर्ज पुन्हा.

मी त्या दिवसापासून युनिफॉर्म साध्या साबणाने धुते आणि गरम पाण्यातून काढते. जंतू त्यानेही मरतात, हे पहिल्या वर्षीच शिकवलं होतं आम्हाला. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात सहा. मग शून्य, शून्य, शून्य. येताजाता लोक बोर्डापुढे थांबून बघायचे. सेक्रेटरी तर रोज. मी मेल्यासारखी झोपायला लागले. वॉर्डात बाटलीवरचा नंबर मी आता मोठ्याने वाचते आणि ज्युनियरलाही वाचायला लावते. मागच्या आठवड्यात तिला म्हणाले, "त्या दिवशी माझा हात धरलास ते बरं केलंस." ती लाजली.

पण बटण मला बघून पायरीच्या मागे जायचाच. कपड्यांतून वास गेला तरी माझ्यातून जात नसावा. मी रोज निघताना दोन मिनिटं त्या पायरीवर बसू लागले. हाक नाही, खाऊ नाही. सुई बघून बिथरलेल्या पोराजवळ असंच बसावं लागतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, टेलरताईंनी शिवलेला नवा युनिफॉर्म घालून मी पायरीवर बसले होते. उजवा खांदा त्यांनी बोटभर उतरवलाय. हात कसाही फिरवा, कुठे ओढत नाही. आत मशीन चालू होती. मला ड्युटीवर न्यायला हॉस्पिटलची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली.

बटण पायरीच्या मागून निघाला. अधू पाय टेकत टेकत आला. आधी त्याने माझी चप्पल हुंगली, मग युनिफॉर्मची कड. मग माझा हात. हातावर त्याचं नाक बराच वेळ राहिलं. तिथे काय काय सापडलं असेल ते त्यालाच ठाऊक. शेवटी त्याने एक सुस्कारा टाकला आणि माझ्या पायाला पाठ लावून बसला.

आतली मशीन थांबली. गाडीने हॉर्न दिला. एकतीस वर्षांत मी त्या गाडीला कधी थांबायला लावलं नाही. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, आणि मी हात वर करून त्याला, थांब जरा, अशी खूण केली.