बांधलेली बुरशी

सकाळी सात वाजता चमत्कारी म्हणून गाजलेल्या बाबांनी रोपवाटिकेच्या पहिल्या शेडमधल्या टोमॅटोच्या रोपांवर शेवटचं मंतरलेलं पाणी शिंपडलं आणि बुरशी ठिपक्यांत बांधली गेल्याचं जाहीर केलं. दाराशी गर्दी होती. पानांवर तपकिरी ठिपके होते खरे, पण आठवडाभरात एकही वाढला नव्हता. लोकांनी हात जोडले.

पुढची पाळी दुसऱ्या शेडची. तोवर तिथे विष मारायचं नाही, नाहीतर कृपा उडून जाईल, अशी बाबांची ताकीद होती.

मालकाची धाकटी बहीण वनस्पतिरोगतज्ज्ञ. असले बाबा तिने इतके पाहिले होते, की आता चीडही येत नसे, नुसता कंटाळा येई. पण दादाने फवारणी खरंच थांबवली होती, आणि दुसऱ्या शेडमध्ये बुरशी मोकाट सुटली होती. तो लॉट गेला तर रोपवाटिकेला टाळं लागणार होतं.

पहिली शेड बाबांनी आपण होऊन निवडली होती. त्यांचा शिष्य पूर्वी याच रोपवाटिकेला बियाणं विकायचा. रोगाला दाद न देणारं वाण कुठे लावलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाईक भांडायला आलं तर दाखवायला म्हणून प्रत्येक लॉटचा एक ट्रे ऑफिसच्या उघड्या खिडकीत ठेवायची इथे रीत होती. बहिणीने पहिल्या शेडचा तो ट्रे आणून बाबांसमोर ठेवला. तेच ठिपके, तेवढेच.

"यावर पाणी कधी शिंपडलंत, महाराज?"

कृपा भिंत मानत नाही, असं बाबा म्हणाले.

"मग दुसऱ्या शेडची भिंत कशी मानली?" वहिनीने विचारलं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

बहिणीने वहिनीला सूक्ष्मदर्शकातून पान दाखवलं. ठिपक्यातल्या पेशी मेलेल्या, भोवतालच्या हिरव्यागार. या वाणाच्या पेशी शत्रू ओळखतात, तिने सांगितलं. बुरशी शिरते तिथल्या पेशी आपणहून मरतात. शेजारणींना इशारा मिळतो, त्या आपल्या भिंती जाड करतात. ही बुरशी जिवंत पेशींवर पोसते, मेलेल्यांत तिची उपासमार होते. दुसऱ्या शेडमधल्या वाणाला ही ओळखच नाही. त्याला औषधच लागतं.

"दादा, माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. ट्रे बघ, पान बघ, मग ठरव."

दादाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पटतंय गं," तो म्हणाला, "पण बाबा दुखावले आणि काही झालं तर?"

अकराला बाबांची गाडी गेली. वहिनीने फवारणीचा पंप औषधाने भरून दुसऱ्या शेडच्या दाराशी ठेवला. दुपारी चारपर्यंत दादाने हो म्हटलेलं नव्हतं, आणि नाहीही.