वीतभर आखूड

लोहार आणि गाडीवान हे सख्खे भाऊ. एकाच घरात राहत, एकाच टेबलाशी बसून जेवत, आणि अकरा वर्षांत एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. भांडण झालं असतं तर कुणीतरी मधे पडून मिटवलं असतं. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायला काही नव्हतं.

त्यामुळे घरातलं काही अडत होतं असं नाही. गाडीवान, म्हणजे थोरला, आपल्या बायकोला सांगे, "तुझ्या दिराला म्हणावं, भट्टीचा धूर तबेल्यात येतो." वहिनी मान न वळवता सांगे, "भावोजी, धूर तबेल्यात येतो." धाकटा, म्हणजे लोहार, म्हणे, "वहिनी, दादाला सांगा, वारा फिरला की जाईल." तिघांच्या मधे एक मिठाची बरणी, बाकी अंतर हातभर. पहिली दोन वर्षं वहिनीनं निरोप इमानेइतबारे पोचवले. मग ती नुसतं "ऐकलंत ना?" एवढंच म्हणायला लागली. एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोस्टात कामाला आहे?" तेव्हा दोघं भाऊ आठवडाभर मुळीच बोलले नाहीत. भट्टीत कोळसा संपला, तबेल्यात गवत संपलं, आणि कुणाचं काय संपलंय ते कुणालाच कळलं नाही. शेवटी वहिनीनं स्वतःच नोकरी पुन्हा धरली.

वहिनी घरात नसली की थोरला घोडीला सांगत असे. घोडीला तो बाईसाहेब म्हणे आणि अहोजाहो करी. "बाईसाहेब, भट्टीत कुणी असेल तर विचारा, नाल झाले का." धाकटा आतून उत्तर देई, तेही घोडीलाच. बाईसाहेब दोघांचंही ऐकून घेत. त्या घरात सगळ्यात शहाणं माणूस म्हणायचं तर त्याच.

आता हे सुरू कसं झालं ते सांगतो. कालव्यावर मालाच्या होड्या लागतात, तिथे पाण्यापर्यंत उतरणारा एक दगडी उतार आहे. अकरा वर्षांपूर्वी त्या उतारावर थोरल्याची गाडी उभी होती. चाकामागचा दगड शेवाळावरून घसरला, गाडी मागे मागे जात पाण्यात गेली, आणि तिला जुंपलेला पांढरा घोडाही तिच्याबरोबर गेला. घोड्याचा साज गाडीच्या दोन दांड्यांना दोन आकड्यांनी अडकवलेला असतो, आणि आकड्यात एकेक खीळ असते. खीळ उपसली की घोडा मोकळा. त्या दिवशी खिळी निघाल्या नाहीत. थोरला गळाभर पाण्यात खिळीला लोंबकळत राहिला. नावाड्यांनी त्याला ओढून काढलं, पांढऱ्याला काढता आलं नाही. थोरला घरी आला, भावाकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. तेव्हापासून बोलणं बंद.

खिळी धाकट्याच्या हातच्या होत्या. लोक म्हणाले, लोहाराची खीळ अडकली आणि घोडा गेला. लोहारानं नाही म्हटलं नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दिसली होती. गाडी पाण्याबाहेर काढल्यावर तो आकडे बघायला एकटाच गेला, तर दोन्ही खिळींना तार गुंडाळलेली. हा गाडीवानांचा जुना उद्योग. खीळ आकड्यात खुळखुळते, गाडीत बसलेले लोक कपाळाला आठ्या घालतात, म्हणून गाडीवान तिला तार गुंडाळून गप्प करतात. तशी तार गुंडाळली की खीळ शहाण्यासारखी बसते, पण वेळेला निघत मात्र नाही. धाकट्यानं दादाला तीनदा बजावलं होतं, तार गुंडाळू नकोस. दादा तिन्ही वेळा "बरं" म्हणाला होता.

धाकट्यानं पक्कड काढली, तार तोडली आणि खिशात घातली. ती तेव्हापासून त्याच्या खिळ्यांच्या डब्यात तळाशी होती. त्याला वाटलं, त्या गडबडीत दादा तार विसरला असेल. आठवली तर जगायचा नाही, त्या घोड्याला त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. नाव आपलं खराब झालं तर होऊ दे, दादा शाबूत राहायला हवा. असा हिशेब करून त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. हिशेबात एकच चूक होती. दादा बोलायचा थांबेल हे त्यानं धरलं नव्हतं. लहानपणी दादा त्याला बारक्या म्हणायचा. जगात तेवढा एकच माणूस तसं म्हणायचा, आणि तोही बंद झाला. धाकट्याला दुसरं काही नको होतं. दादानं एकदा हाक मारावी, मग शिवी दिली तरी चालेल, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो कुणाला सांगत नव्हता.

त्याऐवजी त्यानं सोडकडी करायला घेतली.

सोडकडी म्हणजे आकड्याच्या जागी बसणारा लोखंडी जबडा. दांडीला एकेक असे दोन, जबड्यात पाचर, आणि दोन्ही पाचरींची मिळून एक दोरी गाडीवानाच्या आसनापर्यंत आणलेली. दोरी ओढली की खट्, दोन्ही जबडे एकदम उघडतात आणि घोडा दांड्यांमधून चालत बाहेर. मुख्य म्हणजे तिला तार गुंडाळायला कुठे जागाच नव्हती. सारं डोकं त्यानं तिथेच खर्च केलं होतं. पहिल्या तेवीस सोडकड्या वाया गेल्या. एक उघडायची नाही, एक मिटायची नाही, एक कुणी शिंकलं तरी उघडायची. चोविसावी जमली.

पण लोखंड जमलं म्हणजे घोड्याला जमलं असं नाही. घरात घोडी एकच. थोरला दुपारी जेवून दोन तास झोपे, झोपेत घोरे, आणि घोरणं थांबलं की वहिनी दारातून खोकत असे. तेवढ्या वेळात धाकटा मागच्या अंगणात बाईसाहेबांना जुन्या दांड्यांना जुंपी, दोरी ओढी, आणि खट् झालं की भट्टीच्या दारात उभा राहून गाजर दाखवी. पहिल्या दिवशी बाईसाहेब दचकल्या. आठवड्यानं त्यांना समजलं, खट् म्हणजे गाजर. तीन महिन्यांनी असं झालं की भट्टीत कानस पडून खट् वाजलं तरी त्या दारात येऊन उभ्या राहत.

"हे कुठे फेडाल, भावोजी?" वहिनी म्हणाली. "ते म्हणतात, बाईसाहेब हल्ली जड झाल्यात."

शेवटी एकदा थोरल्याचे आकडे झिजले. तो तबेल्यात मोठ्यानं म्हणाला, "बाईसाहेब, कुणाला वेळ असला तर आकडे बदलायचेत." धाकट्याला वेळ होता. त्यानं दोन्ही दांड्यांना सोडकडी बसवली, दोरी आसनाच्या उजव्या अंगाला आणली, आणि घोडीला सगळं नीट समजावून सांगितलं, थोरल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. थोरल्यानं जबडे उघडून पाहिले, मिटून पाहिले, आणि गाडी बाहेर काढली. धाकटा दिवसभर भट्टीत शीळ घालत होता.

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा दोरीला गाठ होती. दोरी गुंडाळून, गाठ मारून, आसनाखाली पार आत खोचलेली.

जेवताना तो म्हणाला, "वहिनी, दादाला सांगा, दोरीची गाठ सोड."

"ऐकलंत ना?" वहिनी म्हणाली.

"गुडघ्याला लागते," थोरला मिठाच्या बरणीला म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वी तीनदा सांगून उपयोग झाला नव्हता, तेव्हा या वेळी धाकट्यानं एकदाच सांगितलं. पण त्या रात्री जेवण त्याला गेलं नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला तो ऐरणीवर बिजागरी ठोकत होता. दारात सावली पडली म्हणून मान वर केली, तर बाईसाहेब उभ्या. अंगावर पुरा साज, लगाम लोंबता, पोटापर्यंत भिजलेल्या. मागे गाडी नाही आणि गाडीवानही नाही. त्यांनी मान आत घातली आणि गाजराची वाट पाहू लागल्या.

सोडकडी उघडली, हे धाकट्याला कळलं. जिच्यासाठी तेवीस वेळा लोखंड वाया घालवलं ती वेळेला उघडली, आणि त्याला तिच्याकडे बघवेना. घोडी इथे आहे म्हणजे गाडी पाण्यात आहे. गाडीत कोण होतं ते काही विचारायला नको होतं. हातातला हातोडा तसाच घेऊन तो पळत सुटला. वहिनी मागून विचारत राहिली, काय झालं. बाईसाहेब गाजरासाठी त्याच्यामागून दुडक्या चालीनं निघाल्या.

उतारावर माणसं जमली होती. पाण्यातून गाडीचं छप्पर तेवढं वर दिसत होतं. धाकट्यानं एका नावाड्याचा दंड धरला. त्यानं गाडीकडे हातोडा दाखवला.

"गाडी मागे घसरली," नावाडी म्हणाला. "दुसरा असता तर उडी मारून मोकळा झाला असता. हा डोकं खाली, पाय वर करून आसनाखाली काहीतरी शोधत बसला. आम्हाला वाटलं, काही पडलं असेल. पाणी घोडीच्या पोटाला लागलं, तेव्हा खट् झालं आणि घोडी चालत वर आली. कुणाकडे बघितलंसुद्धा नाही तिनं."

"आणि तो?"

"तो गाडीबरोबर गेला. मग आला वर. तो काय, तिथे बसलाय."

थोरला उताराच्या कडेच्या पायऱ्यांवर, सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता. अंगातून पाणी गळत होतं आणि एका पायात जोडा नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं दोरीनं सोलून लाल झाली होती. धाकटा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. थोरल्यानं आधी घोडीकडे पाहिलं, चारी पायांकडे नीट पाहिलं, आणि मग भावाच्या हातातल्या हातोड्याकडे.

"दोरी वीतभर आखूड आहे," थोरला म्हणाला.

धाकट्यानं वळून पाहिलं. वहिनी आलेली नव्हती. बाईसाहेब होत्या, पण थोरला त्यांच्याकडे बघत नव्हता.

"वाढवतो," धाकटा म्हणाला. गाठीचं त्यानं काही काढलं नाही. ही दुसरी गुळणीही त्यानं धरली असती, जन्मभर धरली असती.

थोरला पाण्याकडे बघत म्हणाला, "आखूड नव्हती. गाठ मी मारली होती."

"असू दे, दादा."

"तारही मीच गुंडाळली होती."

धाकट्यानं हातोडा खाली ठेवला आणि शेजारच्या पायरीवर बसला. पायरी ओली होती. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी काढली ती."

"काढलीस ते मी पाहिलं. वर कठड्याशी उभा होतो त्या सकाळी. तू खिशात घातलीस आणि कुणाला बोलला नाहीस." थोरल्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग मी काय बोलू? तुझ्याशी बोलायचं तर पहिलं तेच बोलावं लागलं असतं. ते होईना. म्हटलं, उद्या बोलू."

धाकट्याला रडू आलं. त्यानं ते लपवलंही नाही, लोहाराच्या तोंडावर एरवीही काळं असतंच. बाईसाहेबांनी त्याच्या खिशात नाक घातलं, आत काही मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या खिशात घातलं.

थोरला ते बघत होता. "किती दिवस चाललंय हे?"

"तीन महिने."

"दुपारी?"

"दुपारी. तू झोपलास की."

"म्हणून जड झाल्या होत्या," थोरला म्हणाला. तो उठला, एका जोड्यानिशी लंगडत दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "चल बारक्या. त्यांचं गाजर राहिलंय."

'ओ' द्यायला धाकट्याला जरा वेळ लागला. अकरा वर्षं तो वापरात नव्हता, त्यामुळे निघाला तेव्हा घोगरा निघाला.