चिकाला लागलेलं मीठ

पंच्याण्णव सालची गोष्ट. चीजचा डबा आणा म्हणून मनिषाने नवऱ्याला तीनदा बजावलं होतं. रामहरी बारामतीहून परतला तो मोटारीचं बेअरिंग घेऊन.

"आयला, राहिलंच की! तूप लाव वरनं. पावाला काय कळतंय?"

पावाला कळत नव्हतं, पण वहिनीला कळणार होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मनिषा माहेरी बारामतीला गेली, तेव्हा वहिनीने तव्यावर ब्रेडचा पिझ्झा करून घातला होता आणि चार बायकांत म्हणाली होती, "वन्सं, पोटभर खा. तुमच्या निमगावात कुठलं मिळायला असलं?" मनिषाही ठसक्यात म्हणाली होती, "या की एकदा. मी घालते करून." आणि आज वहिनी सकाळच्या एसटीने खरंच आली होती. पडवीत बसून पदराने वारा घेत होती.

ब्रेड होता, सॉसची बाटली होती. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची चिरून झाली होती. नव्हतं ते वरचं पांढरं. मनिषाची नजर फडताळाकडे गेली.

कालच चांदी गाय व्याली होती. पहिल्या चिकाचा खरवस सासूबाईंनी, कुशाबाईंनी, गूळ न घालता वाफवून बिरोबाच्या नैवेद्यासाठी वाटीत झाकून ठेवला होता. घट्ट, पांढराशुभ्र. किसला की चीजच. या घरात आल्या आल्या तिला सांगून ठेवलं होतं, चिकाला मीठ लावायचं न्हाय, गाईची कास जाती. मनिषा बारावी सायन्स झालेली. मनातल्या मनात हसली होती.

कुशाबाई मळ्यात होत्या. मनिषाने अर्धा खरवस कापून घेतला आणि उरलेला लहान वाटीत बसवून पुन्हा झाकला. तव्यावर तूप सोडलं, ब्रेडची एक बाजू शेकून उलटली, भाजल्या बाजूवर सॉस, भाज्या, किसलेला खरवस, चिमूटभर मीठ, मिरपूड. वर ताट झाकलं. खरवस काही वितळला नाही, पण कडेने खरपूस झाला.

वहिनीने तिसरा तुकडा उचलला. "चीज कुठलं हो, वन्सं? वेगळंच लागतंय."

"पुण्याचं," मनिषा म्हणाली.

तेवढ्यात मागच्या दारी बानूबाई ताकाला आली. एकटी म्हातारी. चार घरच्या गाईंच्या धारा काढून द्यायची, त्यावर तिची ताकभाकर चालायची. चांदीचं अडलेलं वासरूही काल तिनेच सोडवलं होतं. मनिषाने कौतुकाने तिच्या हातावर एक तुकडा ठेवला. बानूबाईने चावला, मध्येच थांबली, मनिषाकडे पाहिलं आणि उरलेला संपवला.

"बरं लागतंय, पोरी."

दुसऱ्या सकाळी चांदीची कास दगडासारखी झाली. दुधात गाठी. डॉक्टरने इंजेक्शनं दिली, गोठा कोरडा ठेवा म्हणाला, पण कासेच्या चार सडांतला एक कायमचा गेलाच. कुशाबाई अंगणात उभ्या राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हात कुणाचा लागला हुता तिला? बानीचाच. काय वंगाळ घिऊन आली हुती कुणाला ठावं!"

मनिषा मोरीवर होती. अंगण चार पावलांवर. मिठाने कास जात नाही आणि बानूबाईच्या हातानेही जात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तोंड उघडलं असतं तर देवाच्या वाटीचंही निघालं असतं. ती तवा घासत राहिली. स्वच्छ झालेला तवा पुन्हा घासत राहिली.

आठ दिवसांत चारही घरांनी बानूबाईला धारेला बोलवायचं बंद केलं. म्हातारी दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाऊ लागली. वाटेत भेटली की एवढंच विचारायची, "बरी हायस न्हवं?" मनिषा मान हलवायची आणि पुढे जाऊन पदराने तोंड पुसायची. नंतर नंतर ती वाटच तिने सोडली.

वर्षाने चांदी पुन्हा व्यायला झाली. गोठ्यात गवत पसरताना कुशाबाई म्हणाल्या, "बानीला कळू दिऊ नगंस."

"आत्या," मनिषा म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. वाटी, मीठ, पुण्याचं चीज, बानूबाईला दिलेला तुकडा, सगळं.

कुशाबाईंच्या हातातलं गवत तसंच राहिलं. "देवाचं मी देवापाशी बघीन. पण वरीसभर जिला बोलले तिचं काय? ऊठ. दोघींनी जायाचं."

बानूबाई दारात बाजरी पाखडत होती. "मावशे, त्या दिवशी पावावर..." मनिषाच्या तोंडून एवढंच आलं.

"ठावं हाय मला. उभा जन्म चीक खाल्लाय, मीठ लागलेला कळायचा न्हाय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस, बाने?" कुशाबाईंचा आवाज चिरकला.

"तुजा राग मला ठावं न्हाय? नव्या सुनंला घरात ठिवली असतीस?"

बानूबाईने सूप भिंतीला टेकवलं, हात झटकले. "चांदीला कळा सुरू झाल्यात का? मग हितं काय करताय दोघी? चला."

ती पुढे निघालीसुद्धा. मागून कुशाबाई. त्यांच्या मागे मनिषा. घर येईपर्यंत तिला बानूबाईच्या भेगाळलेल्या टाचांवरून नजर वर उचलता आली नाही.