झाकणावरचं कुंकू

कवठे येमाईत बिरदेवला फसवणं सोपं नाही, असं निदान बिरदेवचं मत होतं. वीस वर्षं त्याचं दूध संकलन केंद्र चालू होतं आणि दुधात पाणी घालणारे, पावडर घालणारे, वरची साय घरी ठेवून येणारे असे सगळे नमुने त्याने पकडले होते. सख्ख्या चुलत्याची किटलीही मशीनवर लावल्याशिवाय त्याने कधी ओतून घेतली नाही. फॅट कमी लागलं म्हणून कोणी कुरकुर केली की तो म्हणायचा, ‘मशीन खोटं बोलत न्हाई.’ आणि हे इतक्या गोड आवाजात म्हणायचा की समोरच्याला आपणच चोर असल्यासारखं वाटायचं. झुंबरबाई नावाची म्हातारी दिवाळीपासून रोज सकाळी त्याच्याशी भांडत होती. म्हशी त्याच, वैरण तीच, मग फॅट कसं उतरलं, हा तिचा प्रश्न होता. बिरदेव तिला रोज तेच वाक्य ऐकवत होता.

असा हा माणूस गाडीच्या शोरूममध्ये शिरला की त्याचं काय व्हायचं, ते सांगायला लाज वाटते. त्याची त्यालाही वाटते, पण सांगतो तोच.

रांजणगावच्या एमआयडीसीला लागून बिरदेवच्या वडिलांचा मेंढरं चारायचा माळ होता. तो एका कारखान्याला गेला आणि दारात लाल जर्मन गाडी आली. चारशे घोड्यांची ताकद, साडेचार सेकंदांत शंभरचा वेग. मात्र कवठ्यापासून शिरूरपर्यंत गतिरोधकच इतके, की हा वेग बिरदेवला आजवर फक्त माहितीपुस्तिकेत भेटला होता. घराच्या वळणावर गाडीच्या पोटाला दगड लागायचा, म्हणून त्याची बायको गीताबाई खाली उतरून पुढे चालायची आणि हाताने ‘या, या, जरा डावीकडं’ करायची. बायकोच्या मागून चारशे घोडे पाऊल टाकत यायचे. गल्लीतली माणसं बघायला थांबायची आणि बिरदेवला वाटायचं, गाडी बघतायत.

खंडेनवमीला गीताबाईने घरातल्या झाडून सगळ्या अवजारांची पूजा केली. विळे, कोयता, कडबाकुट्टी, दुधाचा कूलर, फॅटचं मशीन. मग तिने गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. बाहेर स्वस्तिक काढलंयस ना, मग पुरे की, असं बिरदेव म्हणाला.

“वरनं पूजा करून काय उपेग? राबतंय तर आतलं,” ती म्हणाली, आणि कालवलेलं कुंकू तिने बोट दाबून दाबून लावलं. एअर फिल्टरच्या खोक्याच्या स्क्रूंवर, ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर. वर अक्षता चिकटवल्या.

पौषात सर्व्हिसिंगची तारीख आली. शोरूम पुण्यात, खराडीजवळ. शिक्रापूरला गाडी बाजूला घेऊन बिरदेवने बॉनेटवर उरलेलं स्वस्तिक थुंकी लावून रुमालाने पुसलं. तिथली माणसं आपल्याला गावठी समजतील, ही त्याची भीती. आतलं कुंकू त्याच्या ध्यानातही नव्हतं.

शोरूममध्ये हृतिक नावाचा सर्व्हिस ॲडव्हायझर होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, दर वाक्याला सर. गावात बिरदेवला आप्पा म्हणणारे पुष्कळ होते, पण सर म्हणणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या ‘सर’ला बिरदेव विरघळला. दोनशे म्हशी-गाईंचं दूध रोज नाकाने हुंगणारा हा माणूस तिथली कडू कॉफी ‘एक नंबर’ म्हणत प्यायला. एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदलायचं ना, असं हृतिकने विचारलं तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेला शब्द बिरदेवने टाकून दिला. “ऑब्व्हियसली,” तो म्हणाला. पुढचा अर्धा तास तो त्या शब्दावर खूश होता.

संध्याकाळी गाडी धुऊन, आत अत्तर मारून मिळाली. सोबत एक कागद होता. त्यावर बेचाळीस कामं आणि बेचाळीस हिरव्या खुणा. बिरदेवने तो घडी न घालता घरी नेला.

दुसऱ्या दिवशी हृतिकचा फोन आला. कंपनीकडून विचारणा होईल, प्लीज दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आम्हाला नापास धरतात, असं तो कळवळून म्हणाला. बिरदेवने लगेच शब्द दिला. कंपनीची मुलगी बोलली तेव्हा त्याने दहा दिलेच, वर दहाच्या पुढे काही देता येतं का, हेही विचारलं.

खरं तर तोवर ब्रेकचं पेडल पायाखाली जरा जास्तच खाली जायला लागलं होतं. त्याने भीतभीत हृतिकला सांगितलं. तो म्हणाला, “सर, परफॉर्मन्स ब्रेक्सचं तसंच असतं. सेट व्हायला थोडा वेळ लागतो.” फोन ठेवल्यावर बिरदेवने तेच वाक्य, त्याच थाटात, गीताबाईला सांगितलं. आपल्याला गाडीतलं कळतं असं तिला वाटावं, एवढीच इच्छा.

त्या रविवारी दोघं दौंडला निघाले. तिथल्या रेल्वे कॉलनीत गीताबाईचा धाकटा भाऊ मल्हारी राहायचा. तो मालगाडीचा लोको पायलट. न्हावऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि बिरदेवने पहिल्यांदाच घोड्यांना जरा सैल सोडलं. वळणावर उसाची ट्रॉली होती. त्याने ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं आणि गाडी गेली तशीच पुढे. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा कुठे ब्रेक धरला. मागे लोंबणाऱ्या उसाचं टोक बॉनेटला येऊन टेकलं. गीताबाईचे दोन्ही हात पुढच्या डॅशबोर्डवर होते.

“सेट व्हतंय अजून,” बिरदेव म्हणाला.

गीताबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिचे हात अजून डॅशबोर्डवरच रोवलेले त्याला दिसले आणि तो भ्याला. गाडीला नाही, तर आपण हिला मारलं असतं आणि मरतानाही हेच वाक्य म्हटलं असतं, याला भ्याला. तिथून दौंडपर्यंत त्याने गाडी बैलगाडीच्या चालीने नेली.

मल्हारीने सगळं ऐकून घेतलं. हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही.

“दाजी, ब्रेक तपासल्याचा कागद हातात आल्याबिगर मी मालगाडी जाग्यावरनं हलवत न्हाई,” तो म्हणाला. “तुमच्याकडं काय हाय?”

बिरदेवने मोठ्या तोऱ्यात बेचाळीस खुणांचा कागद काढून दिला. मल्हारीने तो वरपासून खालपर्यंत वाचला. “कागद हाय,” तो म्हणाला, “ब्रेक कुटं हाय?” आणि त्याने बॉनेट उघडायला लावलं.

दोघं पुरुष आत वाकून बघत होते. एकाला रेल्वेचं इंजिन कळत होतं, दुसऱ्याला काहीच नाही. गीताबाई चहा घेऊन आली, दोघांच्या मधून तिने डोकावलं आणि कप हातातच धरून उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “माझं कुंकू तर जितल्या तितं हाय.”

होतं. ब्रेक ऑइल बदलायचं तर डबीचं झाकण फिरवावं लागतं. झाकणावर तिच्या बोटाचा ठसा होता, झाकण आणि डबी दोन्हींवर मिळून, आणि मधल्या फटीवर दोन अक्षता वाळून बसल्या होत्या. एअर फिल्टर बदलायचा तर खोक्याचे स्क्रू काढावे लागतात. स्क्रूच्या खाचा कुंकवाने भरलेल्या, जशाच्या तशा. कागदावर दोन्ही कामांपुढे हिरवी खूण होती. मल्हारीने झाकणाकडे बघितलं, मग कागदाकडे, मग बहिणीकडे. “ताई, आमच्या रेल्वेत पायजे हुतीस तू,” तो म्हणाला.

बिरदेवने फोन केल्यावर सोमवारी सकाळी कंपनीचा ट्रक आला आणि गाडी त्यावर चढली. गीताबाई ट्रकमध्ये बसायला तयार नव्हती. मग साडेचार सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीचा मालक बायकोला घेऊन दौंड-पुणे डेमूने हडपसरला उतरला आणि तिथून रिक्षाने शोरूमला गेला. पूर्ण रस्ताभर त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. पुरावा पक्का होता, पण तो कुंकवाचा. ज्या माणसांसमोर तो ऑब्व्हियसली म्हणाला होता, त्यांच्यासमोर आता बायकोने इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं हे सांगायचं होतं. त्याने गीताबाईला सोफ्यावर बसवलं. हे टेक्निकल बोलणं आहे, मी बघतो, असं सांगून तो आत गेला.

आत हृतिक आणि त्याचा मॅनेजर उघड्या बॉनेटपाशी उभे होते. बिरदेवने घसा साफ केला आणि आपण झाकणावर लाल मार्किंग करून ठेवलं होतं, ते हललेलं नाही, असं सांगितलं. कसलं मार्किंग, हे त्याने मोघमच ठेवलं.

मॅनेजरने वाकून बघितलं आणि तो हसला. “सर, हा मार्क कंपनीचाच असतो. फॅक्टरीतून येतो, जर्मनीहून. क्वालिटी पास झाल्याची खूण.”

आणि बिरदेव चक्क मान डोलवून बसला. “हां, मग ठीक हाय,” असंही म्हणाला. पुढे कधी ही गोष्ट सांगताना तो इथे थांबतो आणि स्वतःच्या कपाळावर हात मारतो. त्याचा बाप तीनशे मेंढरांत आपलं मेंढरू पाठीवरच्या गेरूच्या खुणेने ओळखायचा, आणि हा पोरगा बायकोच्या हातचं कुंकू जर्मनीचं म्हणून कबूल करत होता. तक्रार मिटल्याच्या कागदावर सहीसाठी हृतिकने पेन पुढे केलं. बिरदेवने ते घेतलंही.

तेवढ्यात काचेतून त्याला गीताबाई दिसली. सोफ्याच्या कडेला, पदर सावरून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसली होती. काल डॅशबोर्डवर होते तेच हात.

त्याने पेन खाली ठेवलं.

“जर्मनीत अक्षताबी लावत्यात का?” त्याने विचारलं. मॅनेजरला कळलं नाही. मग बिरदेव दूध केंद्रावर बोलतो त्या आवाजात बोलला, पार पलीकडे कॉफी पिणाऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत. “ह्ये कुंकू हाय. माझ्या बायकोनं लावल्यालं, खंडेनवमीला. तुमी झाकण उघडलंच न्हाई, आन् काल आमी उसाच्या ट्रॉलीखाली जाणार हुतो.”

सगळा हॉल वळून बघू लागला. मॅनेजरने नखाने एक अक्षता उचकटली, तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला. कुणीही हसलं नाही. एवढे दिवस ज्या हसण्याला बिरदेव घाबरत होता, ते कुठे आलंच नाही.

मग काम झालं, नवराबायकोला शेजारी खुर्च्या टाकून, त्यांच्या डोळ्यांदेखत. जुनं ऑइल चहाच्या चोथ्यासारखं निघालं. गीताबाईने प्रत्येक झाकण उघडताना आणि लावताना बघितलं. निघताना हृतिक दारापर्यंत आला आणि खालच्या मानेने म्हणाला, की फोन येईल, सर. बिरदेवला त्याची दया आली, पण यावेळी तो म्हणाला की दहा मागच्या खेपेलाच देऊन बसलोय, ते पुरवून वापरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध केंद्रावर त्याला कोण आनंद झाला होता. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती आणि तो फॅट बघता बघता सगळी हकिकत रंगवून सांगत होता. ऑब्व्हियसलीही सांगितलं, डेमूही सांगितली. माणसं पोट धरून हसत होती. गीताबाई बाजूला वहीत आकडे टिपत होती. झुंबरबाईने सगळं नीट ऐकून घेतलं, पण ती हसली नाही. तिचा नंबर आला, दूध मशीनवर लागलं, आकडा उमटला.

“आजबी उतरलंय बग, बिरदेवा,” ती म्हणाली.

“मावशी, थंडीत मशीनचं तसंच असतंय,” बिरदेव गोड आवाजात म्हणाला. “सेट व्हायला येळ लागतो थोडा.”

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. हसणं थांबलं होतं. गीताबाईने पेन वहीत ठेवलं होतं आणि ती मशीनकडे बघत होती, समोरून नाही, मागून.

बिरदेव मागे गेला. आतली नळी साफ करायची तर मागचं झाकण काढावं लागतं, आणि ती दर महिन्याला साफ केली नाही तर मशीन फॅट कमी दाखवतं. झाकणाला चार स्क्रू होते. चारही खाचांत कुंकू भरलेलं होतं आणि एका स्क्रूवर अक्षता चिकटून होती. वर खिळ्याला तपासणीचं रजिस्टर लटकत होतं. मशीन आतून साफ केले, तपासले, ओके. दिवाळीपासून दर महिन्याला एक ओळ, मशीनच्या कंपनीच्या माणसाची सही, आणि तिच्याखाली बिरदेवची. त्या माणसाला तो दर वेळी चहा पाजायचा. तोही बिरदेवला सर म्हणायचा.

त्याने वाकून त्या अक्षतेला बोट लावून बघितलं. रांग वाट बघत होती.

“काय रं, काय झालं?” झुंबरबाईने विचारलं.

बिरदेव उभा राहिला. काल शोरूममध्ये जो आवाज काढला होता, तो आज काढायला जास्त जड गेलं.

“मावशी,” तो म्हणाला, “मशीन खोटं बोलतंय.”

“कवापास्नं?”

“खंडेनवमीपास्नं,” बिरदेव म्हणाला, आणि त्याने मशीनची पिन बोर्डातून काढली.