टेबलावरची चार बोटं

हृषीकेशनं स्प्रे गनचा ट्रिगर दाबला आणि शिसवी टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेषेत हात नेला. हे पाण्यातलं फिनिश ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की चहाचा ट्रे घेऊन गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या यामिनीला ते पाठ झालं होतं. फौजेत वीस वर्षं काढल्यावर कर्नलसाहेबांना मनासारखी गन आत्ता मिळाली, अशी चंडीमंदिरच्या क्वार्टर्समध्ये चेष्टा चालायची.

मधेच त्याचा हात थांबला. टेबलाच्या मधोमध फिनिश लाकडाला धरतच नव्हतं. तव्यावरच्या तेलातून पाणी पळावं तसं ते बाजूला सरत होतं, आणि जे कोरडं उरत होतं तो चक्क एक तळवा होता. त्याला लागून चार लांब, सरळ बोटं.

"तेलकट हात कोणी लावला?" मास्क खाली ओढत त्यानं विचारलं.

यामिनीला तत्क्षणी कळलं. दुपारी उन्हात सासूबाईंच्या डोक्याला तेल घालून ती त्याला जेवायला बोलवायला आली होती. तो मागच्या नळावर गन धूत होता. पहिला कोट वाळवून, घासून ठेवलेलं ते टेबल असं काही गुळगुळीत झालं होतं की तिला हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही. 'अगंबाई, माझाच' एवढं म्हटलं असतं तर तो चिडला असता, बडबडला असता आणि विषय तिथंच संपला असता.

पण महिनाभरात बदलीवर तेजपूरला निघायचं होतं, आणि सासूबाईंचं काय करायचं ते ठरत नव्हतं. अकोल्याचा धाकटा दीर सुबोध जागा नाही म्हणायचा. त्यानं तिथल्याच एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. हृषीकेशचं पालुपद मात्र एकच, आईला आपण काय करतो ते कळतंय तोवर ती माझ्याजवळ राहील. ते ऐकत यामिनीनं सहा वर्षं काढली होती.

"सकाळी आई इकडं आल्या होत्या बहुतेक," ती म्हणाली.

बहुतेक हा शब्द मोठा सोयीचा. त्यात खोटंही बोलता येतं आणि बोललो नाही असंही म्हणता येतं.

त्यानं हाक मारली तशा यमुनाबाई शाल सावरत आल्या. त्यांना दमा होता. साध्या पॉलिशच्या वासानं जीव घाबरा व्हायचा, म्हणून तर तो हे बिनवासाचं फिनिश घेऊन बसला होता. टेबलाला हात लावू नकोस असं सकाळी सांगितलं होतं की नाही, असं त्यानं विचारलं. सांगितलं होतंस, त्या म्हणाल्या. मग त्या बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. पण मागच्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता आणि यामिनीनं तो किस्सा शेजारीपाजारी हसून सांगितला होता.

"मला तर आठवत नाही," त्या अखेर म्हणाल्या. "पण माझाच लागला असेल. हल्ली माझाच मला भरवसा नाही रे."

यामिनीला वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं. पण सुंठीवाचून खोकला जात असेल तर मुद्दाम सुंठ कोण उगाळत बसतं? तिनं सासूबाईंना व्हरांड्यातल्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि हातात चहा दिला.

यमुनाबाईंनी कप दोन्ही तळव्यांत धरला. संधिवातानं त्यांची बोटं कधीचीच आत वळली होती, काही केल्या सरळ व्हायची नाहीत. ब्लाउजची बटणंसुद्धा रोज यामिनीच लावून द्यायची. आणि नेमकं हेच ती विसरली होती.

हृषीकेश गॅरेजच्या दारातून तो कप बघत होता. मग त्यानं टेबलाकडं पाहिलं, मग यामिनीच्या हातांकडं. तिनं हात पदराआड घेतले. आता तो बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"सुबोध, त्या आश्रमाचं पक्कं करून टाक," तो म्हणाला. "नाही रे, आता तिला काही कळेनासं झालंय."

फोन ठेवून त्यानं फिनिश वाळू दिलं आणि मग पॉलिश पेपर घेऊन टेबलावर वाकला. वाळलेलं फिनिश पांढऱ्या पिठासारखं उडू लागलं.

"गेला का रे डाग?" व्हरांड्यातून आईनं विचारलं.

"गेला, आई," तो मायेनं म्हणाला.

मग मान वर न करता, फक्त यामिनीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, "आईची बॅग आजच भरून टाक. आणि उद्या परत कोट मारायचाय, हात साबणानं धुऊन ये."