पाच ठिपक्यांना शिवणारी रेषा

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर कुणाच्या तरी रक्तदाबाचे पाच ठिपके होते आणि पाचही ठिपक्यांना तंतोतंत शिवत लाल रेषा पुढे निघाली होती. रेषाबाबांनी डोळे मिटले. "मी काही सांगत नाही, लेकरांनो. तुमचेच आकडे बोलतात. मागचं चुकलं नाही, तर पुढचं कसं चुकेल?" लोकांनी हात जोडले.

मी शिंपी. असल्या बाबांची टर उडवण्यात माझी हयात गेली. पण आठ दिवसांपूर्वी बायकोच्या हट्टापायी इथं आलो. तिच्या पाच महिन्यांच्या वजनांवरून याच माणसानं रेषा काढली, आणि ती महिनाभराच्या आत तळाला टेकली. शून्य किलो! त्या दिवसापासून बायको डॉक्टरांच्या गोळ्या घेईना. "जायचंच आहे, तर तोंड कडू कशाला करू?" म्हणाली. मी वरवर हसलो, पण काळजाचं पाणी पाणी झालं होतं.

माझी मेहुणी कॉलेजात गणित शिकवते. बाबांना दिलेल्या वजनांचा कागद आज सकाळी तिनं पाहिला.

"अठ्ठावन्न, छप्पन्न, पन्नास, पंचावन्न, चौपन्न. भावोजी, मधलं पन्नास कुठून आलं?"

"त्या महिन्यात वजन करायचं राहिलं होतं," मी कबूल केलं. "बाबा म्हणाले, आकडे पाच हवेतच. मी दिला ठोकून." जन्मभर मापं घेणाऱ्या माणसाला हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली नाही. आम्हा दोघांना घेऊन थेट इथं आली, आणि आता कागद घेऊन गर्दीतून पुढे झाली.

"बाबा, ही माझ्या ताईची वजनं. यातला तिसरा आकडा साठ करून रेषा काढता का?"

बाबांनी खुशीत आकडे घातले, तिसरा बदलून. रेषा पुन्हा पाचही ठिपक्यांना नेमकी शिवली आणि पुढे सरळ वर चढली. पुढच्या महिन्यात अठ्ठ्याण्णव किलो. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"रेषेची कृपा झाली," बाबा म्हणाले.

"कृपा कसली? तुमच्या समीकरणात अज्ञात संख्या पाच, आणि ठिपकेही पाच. कुठलेही पाच आकडे द्या, रेषा त्यांतून जाणारच. पन्नास ही भावोजींची थाप होती, साठ माझी. तुमच्या रेषेला दोन्ही पटल्या."

बाबा पडद्याची वायर शोधू लागले.

"मग खरं काय?" बायकोनं विचारलं.

मेहुणीनं तिथंच कागदावर पट्टी ठेवली. "खोटा ठिपका काढून टाकला. उरलेल्या चारांच्या जवळून जाणारी ही सरळ रेषा. हिच्यात दोनच गोष्टी शोधायच्या: सुरुवातीचं वजन किती आणि दरमहा घट किती. ही प्रत्येक ठिपक्याला थोडी चुकते, कारण वजनकाटाही थोडं इकडंतिकडं दाखवतो. पुढच्या महिन्यात साधारण त्रेपन्न."

"म्हणजे घटतंयच."

"घटतंय, ताई. भीती मलाही वाटते. म्हणून तर डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात."

मी खिशातलं गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. बायकोनं पाण्याची वाट न बघता गोळी गिळली.

वाचकहो, असा कधीच न चुकणारा माणूस भेटला, तर त्याला एक खोटा आकडा देऊन बघा. तोही त्याच्या रेषेत बसला, तर त्या रेषेला तुमच्या माणसाची काहीच खबर नाही. औषध बंद करण्याआधी एवढं करा. मी केलं नाही, आणि माझ्या बायकोच्या आठ दिवसांच्या गोळ्या बुडाल्या.