फोनवरचे तेवीस अंश

मी माझ्याच घरात कोट घालून, हातमोजे चढवून बसले होते, आणि तिकडे इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, स्विंडनहून माझा मुलगा रसेल फोनवर मला सांगत होता, "आई, घरात तेवीस अंश आहेत. मस्त ऊब आहे."

"कुणाच्या घरात? इथे माझं नाक गारठून लाल झालंय!"

"मला फोनवर दिसतंय ना. तुला उगाच तसं वाटतंय."

उगाच! हॅलिफॅक्सच्या टॉफीच्या कारखान्यात जन्म गेला माझा. उकळत्या साखरेच्या कढईपाशी उभं राहणं म्हणजे चेष्टा वाटली का? दोन अंश इकडचे तिकडे झाले की अख्खा घाणा वाया. या बेरिल साटक्लिफचा घाणा कधी वाया गेला नाही, विचारा कुणालाही. आणि मला म्हणे थंडी कळत नाही.

ही भानगड नाताळापासूनची. रसेलने घराची ऊब मोजणारा नवा थर्मोस्टॅट आणला, बिनवायरचा. तिकडे बसून तो फोनवर माझ्या घराचं तापमान बघणार आणि घर तापवणारा बॉयलर चालू-बंद करणार. "तू सारखी इथेच असतेस, डोळ्यांसमोर राहील," म्हणत त्यानं तो स्वयंपाकघरात, किटलीच्या वरच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून बॉयलरची लहर फिरली. मनात आलं तर पेटायचा, नाहीतर भिंतीवरचे रेडिएटर दिवसभर थंडगार.

दुरुस्तीवाला आला. "बघतो हं, आजी," म्हणाला. आजी म्हणे! तरी मी किटली लावली, कारण कामाच्या माणसाला आधी चहा, ही आमच्याकडची रीत. त्यानं पाण्याचा दाब पाहिला, रेडिएटरमधली हवा काढली, थर्मोस्टॅट तिसावर लावला, म्हणजे घर तेवढं तापेपर्यंत बॉयलर चालणार. बॉयलर लगेच भुस्सकन पेटला. "ठणठणीत आहे," म्हणत त्यानं माझी बिस्किटं फस्त केली, जाता जाता थर्मोस्टॅट परत विसावर लावला आणि गेला. त्याची गाडी वळते न वळते तोच बॉयलर बंद.

रसेलला मी हे सांगितलं, तर तो हळूच म्हणाला, "आई, बॉयलर ठीक आहे, घर गरम आहे, आणि तरी तुला थंडी वाजते. शनिवारी येतो मी तुला न्यायला. आमच्याकडेच राहा आता. डॉक्टरांनाही दाखवू."

ओरडला असता तर मीही ओरडले असते. पण लहान पोरीची समजूत काढावी तसा बोलत होता तो. फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं. माझं घर सुटणार होतं, तेही मी खुळी ठरून.

रडून झाल्यावर राग आला, आणि राग आला की मी चहा करते. किटली उकळली, वाफ थेट वरच्या फळीला लागली. सहज मान वर केली तर थर्मोस्टॅटवर घराच्या तापमानाचा आकडा चढत होता. एकोणीस. वीस. बावीस. आणि कोपऱ्यातला बॉयलर टक् करून गप्प.

"अगं बाई गं!" मी मोठ्यानं म्हणाले.

तो मेला किटलीचं तापमान सांगत होता! आणि मी दिवसात किती चहा पिते ते विचारूच नका. चर्चमधल्या बायका चहाला आल्या, त्या दिवशी सगळ्यात जास्त गारठा का पडला होता, तेही कळलं.

पण एकदा पाहून विश्वास ठेवणारी मी नव्हे. थर्मोस्टॅट बाहेरच्या खोलीत नेऊन कपाटावर ठेवला. आकडा उतरत उतरत विसाच्या खाली गेला आणि बॉयलर पेटला. परत उकळत्या किटलीवर नेला, विझला. परत बाहेर, पेटला. संध्याकाळपर्यंत कोट काय, स्वेटरही उतरवला मी. रसेलला मात्र चकार शब्द सांगितला नाही. म्हटलं, याला डोळ्यांनी बघू दे.

शनिवारी तो रिकाम्या बॅगा घेऊन आला. "चल आई, कपडे भरू या."

"आधी चहा." मी त्याच्यादेखत थर्मोस्टॅट फळीवर ठेवला आणि किटली लावली. "बोलू नकोस. नुसता आकडा बघ."

त्यानं फळीकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. बॉयलर टक् करून थांबला. रसेल खुर्चीवर मटकन बसला.

"तिथे मीच ठेवला होता तो, आई."

"हो, तूच."

त्याला झाडायला मी चांगलं भाषण तयार ठेवलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात तो उठून दाराकडच्या बोळात गेला, बायकोला फोन लावायला. मी कान टवकारले. म्हटलं, आता सांगेल, काहीतरी तांत्रिक बिघाड होता म्हणून.

"जोअ‍ॅन, आई येत नाहीये," तो म्हणाला. "तिला काहीही झालेलं नाही. चूक माझी होती, आणि मी तिलाच खुळ्यात काढत होतो. लाज वाटतेय मला. आणि सांगू, तिनं एकटीनं शोधून काढलं!"

भाषण मी गिळून टाकलं. बॉयलरची भानगड काय, आज ना उद्या कुणीतरी सोडवलीच असती. पण बायकोला स्वतःहून 'चूक माझी' म्हणून सांगणारा मुलगा या गल्लीत आणखी कुणी वाढवला असेल, तर दाखवा मला.